दोनशे बहात्तरावा खेळाडू

सन २०१० मध्ये न्यूयॉर्क मेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाने महाविद्यालयांतून जे तरुण पिचर निवडले, त्यांपैकी दोघांची ही हकीकत आहे. पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. आपल्या क्रिकेटमधील गोलंदाजाचा चुलतभाऊ म्हणावयास हरकत नाही. पहिला मॅट हार्वी. साऱ्या देशातून तो सातव्या क्रमांकावर निवडला गेला आणि करारावर सही करताना त्यास पंचवीस लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. दुसरा जेकब डिग्रॉम. त्याचा क्रमांक २७२वा आणि रक्कम ९५ हजार डॉलर. एकाच दुकानाने एकाच हंगामात केलेल्या दोन खरेद्या, आणि भावात सव्वीसपटींहून अधिक अंतर! असा स्वस्तातला माल कोणी, काय पाहून उचलला असेल, हे कुतूहल व्यापारी मनाला सहज वाटेल.

ही निवड ज्या पद्धतीने होते तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. आपल्याकडील आयपीएलच्या लिलावाप्रमाणे येथे बोली लागत नाही. तीस संघ आळीपाळीने एकेक नाव पुकारतात. आदल्या वर्षी ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, त्याची पाळी त्या काळी पहिली असे. त्या वर्षी अशा पन्नास फेऱ्या झाल्या. एकदा नाव पुकारले गेले की त्या खेळाडूशी दुसऱ्या संघाला बोलणी करता येत नाहीत. म्हणून सारे कौशल्य पुकारण्याच्या आधीचे. आणि ते ज्याच्या अंगी असावे लागते तो म्हणजे 'स्काउट', संघाचा पारखी. एखाददुसऱ्या राज्याचा मुलूख त्याच्याकडे सोपवलेला असतो. वसंत ऋतूतील सारे महिने तो मोटारीने या महाविद्यालयातून त्या महाविद्यालयात हिंडतो, फलंदाजाच्या मागील बाकांवर बसतो, हातातील रडारयंत्राने चेंडूचा वेग टिपतो आणि प्रत्येक गुणाला २० ते ८० या मापात आकडा देतो. त्यात ५० म्हणजे मोठ्या लीगमधील सर्वसाधारण खेळाडू. गंमत अशी की, मुलाला दोन आकडे दिले जातात: एक आज तो कसा आहे याचा, दुसरा पुढे तो कसा होईल याचा. पहिला आकडा यंत्राच्या मदतीने कोणीही भरील. स्काउटाचा पगार दुसऱ्यासाठी असतो.

डिग्रॉम फ्लोरिडातील डीलँड गावच्या स्टेट्सन विद्यापीठात शिकत होता. हे विद्यापीठ लहान. बेसबॉलमधील मोठ्या घराण्यांत त्याची गणना नव्हती. शिवाय हा मुलगा मुळात पिचर नव्हताच. तो शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाच्या दरम्यान उभा राहून चेंडू अडवणारा व तेथून पहिल्या तळापर्यंत सणसणीत फेकणारा क्षेत्ररक्षक. हात उत्तम, परंतु फलंदाजी बेताची. महाविद्यालयात त्याने एकच होमरन मारला. तोही मात्र ख्रिस सेलला, ज्याला त्याच ड्राफ्टमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने तेराव्या क्रमांकावर उचलले! तिसऱ्या वर्षी प्रशिक्षकांनी त्याला पिचिंगकडे वळवले. त्याचे स्वतःचे मन काही त्यात नव्हते. आधी सामन्याच्या अखेरीस थोडा वेळ, मग पुढे सामन्याची सुरुवात करण्यासाठी, असे त्याचे काम वाढत गेले.

आता त्या हंगामाचे कागद पाहू. विजय चार, पराभव पाच. नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावांची सरासरी ४.४८. बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात माझी उमेद गेली आहे, त्यामुळे सांगतो: असा ताळेबंद पाहून फाईल बाजूला सारली असती तर कोणीही मला दोष दिला नसता.

पण कागदावर दोन गोष्टी नव्हत्या. सामना जिंकणे किंवा हरणे हे एकट्या पिचरच्या हाती नसते. आपल्या संघाने धावाच केल्या नाहीत, तर उत्तम पिचरच्याही नावावर पराभव लागतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वयाच्या दहाव्या वर्षापासून पिचिंग करणाऱ्या मुलांच्या कोपराची व खांद्याची झीज विशीपूर्वीच सुरू झालेली असते. याच्या हातावर तसा घसारा पडलाच नव्हता. सुमारे सहा फूट चार इंच उंची, सडपातळ बांधा, शॉर्टस्टॉपच्या अंगी असते ती चपळाई, आणि जे येत होते ते काही महिन्यांच्या शिक्षणावर! आकड्यांवरून हा मुलगा साधारण ठरत होता. बाकावर बसून पाहणाऱ्याला मात्र तो अजून सुरूच झालेला नाही, हे दिसू शकत होते.

तरीही पाहणाऱ्यांनी धीटपणा दाखवला असे म्हणवत नाही. २७१ नावे पुकारून झाली, तेव्हा नवव्या फेरीत मेट्सने त्याला घेतले. त्याआधीच्या फेऱ्यांत खुद्द मेट्सनेही इतरांनाच पसंती दिली होती. पारख होती, पण ती नवव्या फेरीच्या भावापुरती.

आणि जोखीम लगेच अंगावर आली. सर्वांत खालच्या पायरीच्या लीगमध्ये जेमतेम सहा सामने खेळून होतात तोच कोपरातील अस्थिबंध निकामी झाला. ऑक्टोबर २०१० मध्ये शस्त्रक्रिया झाली. शरीरातील दुसऱ्या ठिकाणचा स्नायुबंध काढून कोपरात बसवण्याची ही क्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली टॉमी जॉन नामक पिचरवर प्रथम केली, म्हणून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. डिग्रॉमचे २०११ हे संपूर्ण वर्ष वाया गेले. वाया गेले असे जमाखर्चाच्या भाषेत म्हणायचे. कारण मेट्सच्या फ्लोरिडातील केंद्रात त्याच सुमारास योहान सँटाना हा नामांकित पिचर खांद्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता, आणि त्याने या पोराला 'चेंजअप'ची, म्हणजे वेगवान चेंडूसारख्याच हालचालीने संथ चेंडू टाकण्याची, पकड शिकवली. पुढे तो चेंडू डिग्रॉमच्या भात्यातील मोठे अस्त्र ठरला.

मे २०१४ मध्ये, सव्विसावे वर्ष पुरे होण्यास महिना राहिला असताना, तो मोठ्या लीगमध्ये उतरला आणि त्याच वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. हार्वीनेही निवड करणाऱ्यांना खोटे पाडले नव्हते. २०१३च्या ऑल-स्टार सामन्यात पहिला चेंडू टाकण्याचा मान त्याला मिळाला होता. महाग माल वाईट निघाला नाही. पुढे दुखण्यांनी त्याची कारकीर्द खचली, एवढेच. २०१५च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सातव्या आणि दोनशे बहात्तराव्या क्रमांकाचे हे दोघे एकाच संघातून पिचिंग करीत होते.

२०१८ साली डिग्रॉमची धावांची सरासरी १.७० होती, म्हणजे नऊ डावांत दोन धावाही नाहीत. त्याने २६९ फलंदाजांना नुसत्या चेंडूंवर बाद केले. आणि जय-पराजयाच्या रकान्यात काय होते? विजय दहा, पराभव नऊ. स्टेट्सनमधल्या चार-पाचचाच तो थोरला भाऊ. सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार ठरवण्यासाठी तीस पत्रकार मते देतात. या वेळी त्यांनी तो रकाना बाजूला ठेवला. एकोणतीस जणांनी डिग्रॉमचे नाव पहिले लिहिले.