तळकोकणची गावगाथा (११) : कागदावर नसलेले नाटक

पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी या आठवड्यात यायची होती. ती आता पुढच्या भागात. सोनुर्लीच्या लोटांगणांचा भाग वाचून नाशिकच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारले आहे, "शाळेच्या स्नेहसंमेलनात दशावतार बसवायचा आहे. छापील संहिता कुठे मिळेल?" प्रश्न दोन ओळींचा, पण त्याला उत्तर द्यायचे तर देवळामागच्या रंगपटात शिरावे लागते.

संहिता मिळायची नाही, कारण पारंपरिक दशावताराला ती नसतेच.

तुळशीची लग्ने झाली की सिंधुदुर्गातल्या देवळांच्या जत्रा सुरू होतात. ओट्या भरल्या जातात, पालखी निघते, खाजाच्या दुकानांपुढे गर्दी होते आणि रात्री नाटक असतेच. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, चेंदवणकर, खानोलकर ही कंपन्यांची नावे गावांवरून पडलेली. कोणत्या देवळात कोणत्या कंपनीने खेळ करायचा, हे बऱ्याच ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेले आहे. मानकऱ्यांचा असतो तसा कंपनीचाही त्या देवळावर हक्क असतो आणि त्या रात्रीची जबाबदारीही. कंपनीबरोबर पेटारा येतो. सोंगांचे साहित्य त्यात असतेच, पण पेटारा म्हणजे कंपनीचा देव. त्याला हात जोडल्याशिवाय कोणी रंगाला बसत नाही. पूर्वी तो डोक्यावर घेऊन नट मंडळी डोंगर, नदी, चढणी पायी ओलांडत. आता टेम्पो आहेत.

रंगपटात मेकअपमन नसतो. जो तो आपला आरसा पुढ्यात घेऊन स्वतःच रंगतो. स्त्रीपार्ट करणारा पुरुष नट लुगडेही स्वतःच नेसतो. हे चालू असतानाच मालक आख्यान सांगतो. कधी ते गावाच्या पसंतीचे असते, कधी कोणते नट हाताशी आहेत ते पाहून ठरवलेले. राजपार्ट कोणाचा, राक्षस कोण, नारद कोण, कथेला वळण कुठे द्यायचे, कोणी कोणानंतर बाहेर यायचे, एवढेच बोलणे होते. तालीम नाही. तेवढ्यावर पुढचे काही तास नाटक उभे राहते. संवाद रंगमंचावर सुचतील तसे.

सुचतात कसे? नटांच्या कानावर लहानपणापासून 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' पडलेले असतात. श्रीधरस्वामींचे हे ग्रंथ कोकणातल्या घराघरांत श्रावणात वाचले गेले. राजाने दरबारात कसे बोलायचे, ऋषीला राग आला की भाषा कशी बदलते, पतिव्रतेने देवाला साद कशी घालायची, याचे धडे तिथले. बाकीचे विंगेत उभे राहून शिकायचे. समोरच्याने टाकलेला प्रश्न झेलता आला नाही तर प्रसंग तिथेच पडतो, म्हणून जुना नट नवख्याला आधी सोपे प्रश्न टाकतो आणि त्याचे उत्तर अडखळले तर स्वतःच ते पुरे करून घेतो. मृदंग, झांज आणि पायपेटी घेऊन बसलेल्या मंडळींची नजर नटाच्या पावलांवर असते. समोर एक बाकडे. ते सिंहासन होते, पलंग होते, डोंगरही होते. नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे सुधीर कलिंगण यांना लोक 'लोकराजा' म्हणत, ते अशाच बाकड्यावर राज्य करून. २०२२मध्ये ते गेले.

आता संकासुराबद्दल. त्याच्यावर सविस्तर लिहिल्याशिवाय हा भाग पुरा होणार नाही. आख्यानाच्या आधी होतो तो आडदशावतार. त्यात रिद्धी-सिद्धींसह गणपती येतो, भटजी पूजा सांगतो, मोरावरची सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो आणि मग वेद पळवणारा संकासुर येतो. काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. बाकीची पात्रे शुद्ध, भारदस्त मराठीत बोलतात; संकासुर मालवणीत बोलतो. तो पुराणातला दैत्य आहे आणि गावातलाच कोणीतरीही आहे. रस्त्यावरचे खड्डे, ग्रामपंचायतीतली भांडणे, मुंबईहून जत्रेला आलेले चाकरमानी, काहीही त्याच्या तोंडून सुटत नाही. ज्यांच्यावर तो बोलतो ते समोरच बसलेले असतात आणि सगळ्यांबरोबर हसतात. कालच्या गावातला विनोद आजच्या गावात चालत नाही. त्याची संहिता लिहायची तर प्रत्येक गावाची वेगळी आणि दरवर्षी नवी लिहावी लागेल. शेवटी विष्णू त्याला मारतो, वेद परत येतात आणि आख्यानाला वाट मोकळी होते.

हा प्रकार एकट्या तळकोकणाचा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा पदे लिहिलेली होती आणि ती सूत्रधार गात असे. पात्रांची भाषणे मात्र आयत्या वेळची. भाव्यांना नाटक करायला सांगणारे सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या डोळ्यांसमोर होते ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ. पुढे नाटककार आले आणि छापील पुस्तक ही नाटकाची पहिली अट झाली. सिंधुदुर्गात मात्र ती जुनी रीत अजून दरवर्षी जत्राजत्रांतून चालू आहे, तीही तिकीट लावलेल्या नाट्यगृहात नव्हे, देवळापुढच्या मांडवात.

अलीकडे नाटकांची चित्रीकरणे मोबाइलवर सर्रास पाहिली जातात. त्यातून मुंबईतल्या मुलांना ही कला कळते आणि गाजलेल्या नटांची कामे राहतात, हे फार चांगले झाले. पण नवे नट त्यातले संवाद जसेच्या तसे पाठ करू लागले, तर नुकसान मोठे आहे. हल्लीच्या खेळांतल्या ट्रिकसीनच्या धुरापेक्षा आणि दिव्यांपेक्षाही ही भीती मोठी. धूर विरतो; पाठांतराची सवय लागलेल्या नटाला समोरच्याचे ऐकायची गरजच उरत नाही.

म्हणून शिक्षिकाबाईंना सुचवायचे ते असे. संहिता शोधू नका. मुलांना 'पांडवप्रतापा'तली एक कथा महिनाभर रोज थोडी थोडी वाचून दाखवा. मग पात्रे वाटा आणि दोघादोघांना समोरासमोर उभे करून एकमेकांना प्रश्न विचारू द्या. पहिल्या आठवड्यात सगळे गप्प राहतील किंवा एकदम बोलतील; चालू द्या. मृदंग नसेल तर शाळेतला तबला आणि पेटी पुरे. संकासुराचे काम वर्गातल्या सगळ्यात वात्रट मुलाला द्या, आणि मुख्याध्यापकांना आधी कल्पना देऊन ठेवा.

पुढच्या भागात पिंगुळी : गुरांच्या गोठ्यात उभे राहिलेले संग्रहालय आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी २०२१मध्ये पद्मश्री मिळालेले परशुराम गंगावणे.