जैववैद्यकीय कचरा आणि रुग्णालयीन कर्मचारी

रुग्णांचे निदान, उपचार किंवा लसीकरण करताना निर्माण होणाऱ्या कचऱ्यास जैववैद्यकीय कचरा म्हणतात. तो हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांची जाण हा त्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचा पाया आहे. पालघर जिल्ह्यात नालासोपारा पूर्वेकडील तुळिंज येथे वसई-विरार शहर महानगरपालिकेचे रुग्णालय आहे. अशा सार्वजनिक रुग्णालयांपासून लहान खासगी दवाखान्यांपर्यंत सर्वांना याबाबत एकच नियम लागू होतात.

नियम
भारतात याविषयीचे पहिले नियम १९९८ साली लागू झाले. त्यांची जागा २८ मार्च २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या नव्या नियमांनी घेतली. महाराष्ट्रात त्यांच्या अंमलबजावणीची जबाबदारी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे.

वर्गीकरण
कचरा जिथे निर्माण होतो तिथेच तो वेगळा करणे बंधनकारक आहे.
• पिवळी पिशवी: शरीराचे अवयव, रक्ताने माखलेला कापूस व पट्ट्या, मुदत संपलेली औषधे
• लाल पिशवी: सलाईनच्या नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज
• पांढरा अर्धपारदर्शक, न भेदता येणारा डबा: सुया, ब्लेड
• निळ्या खुणेचा डबा: काचेच्या बाटल्या, धातूची रोपणे

जागतिक आरोग्य संघटनेनुसार आरोग्यसेवेतील सुमारे ८५ टक्के कचरा घरगुती कचऱ्यासारखाच निरुपद्रवी असतो. मात्र उरलेला घातक कचरा त्यात मिसळल्यास सगळाच कचरा घातक समजावा लागतो.

धोके
खाटेजवळ चुकीच्या पिशवीत टाकलेली सुई बहुधा टाकणाऱ्याला टोचत नाही. ती पिशवी उचलणाऱ्या सफाई कामगाराला किंवा पुढे कचरावेचकाला टोचते. बाधित रुग्णासाठी वापरलेली सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता हिपॅटायटिस बीसाठी सुमारे ३० टक्के, हिपॅटायटिस सीसाठी १.८ टक्के व एचआयव्हीसाठी ०.३ टक्के मानली जाते. त्यामुळे वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, असे कर्मचाऱ्यांना शिकवले जाते. सुई टोचल्यास जखम न दाबता साबण व पाण्याने धुऊन घटनेची तत्काळ नोंद करावी. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.

प्रशिक्षण
२०१६ च्या नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकास नोकरीवर रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण देणे, तसेच हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. संरक्षक साधने पुरवणे व अपघातांची नोंद ठेवणे हेही त्यात येते. ही तरतूद कायम कर्मचाऱ्यांपुरती मर्यादित नसून कचरा हाताळणाऱ्या इतरांनाही लागू आहे.