मुलांचे चेहरे टिपताना

घरोघरच्या संग्रहातील मुलांची छायाचित्रे पाहिली, तर मूल बहुधा दूर उभे असते. हात अंगाला चिकटलेले आणि ओठांवर सांगून आणलेले हसू. मूल दिसते, पण त्याचा स्वभाव दिसत नाही. तो दिसण्यासाठी चेहऱ्याजवळ जावे लागते. ज्यांची मुले वसतिगृहात शिकतात आणि सुटीपुरतीच घरी येतात, त्या पालकांना अशा एखाद्या छायाचित्राचे मोल अधिक वाटते.

जवळून टिपलेल्या चेहऱ्यांची परंपरा जुनी आहे. कोलकात्यात १८१५ साली जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना वयाच्या ४८व्या वर्षी मुलगी व जावई यांनी कॅमेरा भेट दिला. इंग्लंडमध्ये १८६४च्या जानेवारीत त्यांनी ॲनी नावाच्या लहान मुलीचे चित्र घेतले आणि त्यास आपले पहिले यश मानले. ॲनी त्यात हसत नाही. तरीही तो चेहरा आजही आपणास खिळवून ठेवतो.

पहिली गरज प्रकाशाची. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. मुलाला दारात, ओसरीवर किंवा खिडकीजवळ बसवावे आणि फ्लॅश बंद ठेवावा. बाजूने येणाऱ्या मंद उजेडाने गालांची गोलाई उमटते, बुबुळांत प्रकाशाचा बिंदू चमकतो आणि नजर जिवंत होते.

दुसरी बाब अंतराची. मोबाइल चेहऱ्याच्या अगदी जवळ नेल्यास नाक मोठे व कान लहान दिसतात. त्यापेक्षा चार-पाच फूट दूर राहून दुप्पट जवळ दाखवणारी लेन्स वापरावी. कॅमेरा असल्यास ८५ मिलिमीटरची लेन्स उत्तम. आपण जमिनीवर बसून मुलाच्या नजरेच्या पातळीवर यावे आणि जवळच्या डोळ्यावर फोकस साधावा.

भाव मागून मिळत नाहीत. ‘हस पाहू’ म्हणताच मूल अवघडते. त्याला भोवऱ्याची जाळी गुंडाळू द्यावी, चित्र रंगवू द्यावे, शाळेतली हकिकत सांगू द्यावी. कपाळावरची आठी, दाबलेला ओठ, विचारात हरवलेली नजर हेही त्याचेच भाव आहेत. मात्र मुलाने नको म्हटले, तर कॅमेरा खाली ठेवावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती रंगाची. पांढऱ्या गणवेशामुळे कॅमेऱ्याचा मापक फसतो आणि सावळा चेहरा अधिकच काळवंडतो. पडद्यावर चेहऱ्यालाच स्पर्श करून उजेड किंचित वाढवावा. पण चेहरा उजळ करणारे फिल्टर कटाक्षाने टाळावेत. रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनीची जी नमुनाचित्रे छपाईच्या प्रयोगशाळांत वापरली जात, त्यांत दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. यंत्रांतही शिरलेला हा पक्षपात आपण आपल्या हातांनी पुढे चालवू नये. स्वतःचे गोरे केलेले छायाचित्र पाहणारे मूल एवढेच शिकते, की आपल्या रंगात काही उणे आहे.

असे एक छायाचित्र दरवर्षी कागदावर छापून घ्यावे आणि मागे तारीख लिहावी. मोठेपणी मूल ते हाती घेईल, तेव्हा आपल्या माणसांनी आपल्याला आहे तसे पाहिले, हे त्याला समजेल.