ट्रंकेतील डिस्चार्ज बुक बाहेर काढा!

गेल्या हंगामात, भातकापणीच्या ऐन दिवसांत खेड तालुक्यातील एका वाडीवर जाणे झाले. खळ्यात भारे रचलेले, झोडणी चालू. घरधनी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. शेतीचे बोलणे संपले, चहा झाला, तेव्हा त्यांनी हळूच विचारले, "साहेब, माजी सैनिकांच्या मुलींना शिष्यवृत्ती असते म्हणतात. आमची पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता अर्ज टाकू का?"

मला 'नाही' म्हणावे लागले. त्या शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्याच वर्षी करावा लागतो. आदल्या साली मुदत होती तेव्हाही अशीच कापणी चालू होती आणि 'कागदाचे मागाहून बघू' म्हणून राहून गेले. मुलीला बारावीला गुण चांगले होते. निवड झाली असती, तर चार वर्षांत 1 लाख 44 हजार रुपये मिळाले असते. आता फीपायी काजूचे पैसे गेले आणि कलमांना यंदा खत पडले नाही.

शेतीखात्याच्या माणसाने फौजेतल्या सवलतींचे का सांगावे, असे तुम्हांला वाटेल. पण कलमांना खत घालायचे दिवस आणि कॉलेजात फी भरायचे दिवस एकच, पावसाळ्याच्या तोंडाचे. पैसा एका खिशातून दोन ठिकाणी जात नाही. आपल्या जिल्ह्यात वाडीवाडीतून फौजेत गेलेली माणसे आहेत. त्यांच्या घरच्यांनी पुढील गोष्टी नीट वाचाव्यात.

मुलांच्या शिक्षणासाठी

पहिली योजना पंतप्रधान शिष्यवृत्तीची. ती केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत 2006-07 पासून चालू आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, बी.एड., कृषी पदवी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना ती मिळते. मुलीला महिना 3,000 आणि मुलाला 2,500 रुपये, हे दर 2019-20 पासूनचे आहेत. देशभरात दरसाल 5,500 जागा. निम्म्या मुलींच्या, निम्म्या मुलांच्या. प्रवेशाला लागणाऱ्या परीक्षेत निदान 60 टक्के गुण हवेत. निवड गुणानुक्रमे होते, म्हणून अर्ज केला की पैसे मिळालेच असे नाही; पण अर्जच केला नाही तर काहीच नाही. पुढे दरवर्षी 50 टक्के गुण राखले, तरच शिष्यवृत्ती चालू राहते.

दुसरी मदत शिक्षण अनुदानाची. हवालदार किंवा त्या दर्जापर्यंतच्या माजी सैनिकाच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत ती मिळते. पूर्वी हे अनुदान दरमहा 1,000 रुपये होते. 1 नोव्हेंबर 2025 पासून केलेल्या अर्जांना ते 2,000 रुपये झाले आहे. सैनिकाच्या विधवेला स्वतः दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करायचा असेल, तर तिलाही हे अनुदान आहे. धंदेशिक्षण घेणाऱ्या विधवांसाठी एकदाच मिळणारे वेगळे अनुदानही आहे.

परवान्याच्या परीक्षांचे काय?

शिक्षण झाले तरी कित्येक कामांना परवाना लागतो. नर्सला परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नौदलातून आलेल्याला व्यापारी जहाजावर अधिकारी व्हायचे तर सक्षमता प्रमाणपत्राची परीक्षा द्यावी लागते. फवारणीचा ड्रोन चालवायचा तर 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेत शिकून रिमोट पायलटचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याला दहावी पास आणि 18 ते 65 वय पुरते. बागेत फवारणीला माणूस मिळत नाही, हे तुम्ही रोज पाहता; तेव्हा फौजेतून आलेल्या जवानाला हे काम गावातच मिळू शकेल.

अमेरिकेने 1944 साली माजी सैनिकांच्या शिक्षणाचा मोठा कायदा केला. आज तेथे परवान्याच्या एका परीक्षेमागे 2,000 डॉलरपर्यंत फी सरकार परत देते. परीक्षेत नापास झाला तरीही देते. आपल्याकडची वाट निराळी आहे. येथे मुख्य मदत प्रशिक्षणाला मिळते. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या उंबरठ्यावरील जवानांसाठी अभ्यासक्रम चालवते. जवान व जे.सी.ओ. यांची फी सरकार भरते; अधिकाऱ्यांना 40 टक्के स्वतः भरावी लागते. त्यामुळे घरी परतण्याआधीच शिकून येणे हे सर्वांत स्वस्त. तुमचा मुलगा, दीर किंवा जावई फौजेत असेल आणि सुटायला वर्ष-दीड वर्ष उरले असेल, तर गणपतीला घरी आल्यावर त्याला हे जरूर सांगा.

नोकरभरतीच्या परीक्षांत मात्र फीची सवलत आहे. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत आरक्षणास पात्र माजी सैनिकाला फी पडत नाही. राज्याच्या भरतीच्या जाहिरातींतही ही सवलत शोधून पाहावी. ती माजी सैनिकाची स्वतःची असते, मुलांची नव्हे.

आजच करायची कामे

पहिले काम, ट्रंकेतील डिस्चार्ज बुक बाहेर काढा. त्यात पत्नीचे आणि प्रत्येक मुलाचे नाव व जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का, ते अक्षर न् अक्षर पाहा. फरक असेल तर दुरुस्ती आत्ताच सुरू करा. रेकॉर्ड ऑफिसातून कागद यायला वेळ लागतो.

दुसरे, माजी सैनिकाचे किंवा विधवेचे ओळखपत्र नसेल, तर रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन करून घ्या. शिष्यवृत्तीला लागणारा माजी सैनिक असल्याचा दाखला तेथूनच मिळतो. कॉलेजचा आणि बँकेचा दाखलाही लागतो.

तिसरे, अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. मुलांना मोबाइल चांगला येतो; भरणे त्यांच्याकडे द्या, पण भरलेला अर्ज दोघांनी वाचा. अर्जाची मुदत कार्यालयात विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा.

भगिनींनो, हे काम तुम्ही हाती घ्या. पुरुषमाणसे कापणीत असतात आणि कागद मागे पडतात, हा माझा अनुभव आहे.

शेवटी एक आठवण देतो. मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ फौजेच्या शाळेत शिकवत. निवृत्तीनंतर ते काही काळ दापोलीत राहिले. हाती पेन्शन थोडी, पण मुलांच्या शिक्षणात त्यांनी हयगय केली नाही. त्यांचा धाकटा मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या काळी रामजींना अशा योजना मिळाल्या नव्हत्या. आपल्याला आज मिळतात. फक्त वेळेवर मागाव्या लागतात.

खेडच्या त्या हवालदारांचा धाकटा मुलगा यंदा बारावीला आहे. त्याचे नाव आणि जन्मतारीख त्यांनी डिस्चार्ज बुकात तपासून घेतली आहे. पेरणीआधी बियाणे तपासतो, तसेच हे.