होडीच्या लोखंडाला कोणता रंग?

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाण्यात राहणारा धातू भरपूर आहे. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर १९६०च्या दशकात येलदरीचे धरण उभे राहिले. त्याच्या जलाशयात मासेमारी चालते, पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे वीजघर आहे आणि सांडव्यावर दहा लोखंडी दरवाजे आहेत. गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, डिग्रस हे बंधारे आहेत. होडीचा पत्रा असो, वल्ह्याची कडी असो, इंजिन बसवायचा ब्रॅकेट असो की बंधाऱ्याचे दार, प्रश्न सगळीकडे तोच: काय लावले म्हणजे ते टिकेल?

बहुतेक जण दुकानात जाऊन आधी शेडकार्ड मागतात. खरे तर छटा सर्वांत शेवटी ठरवायची असते. धातू कोणता, तो पाण्यात किती आणि उन्हात किती राहणार, हे आधी पाहावे लागते.

गंज कसा चढतो ते पाहण्यासाठी घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. काही तासांत तांबूस कडे दिसू लागते, पण धातू झिजतो तो थेंबाच्या मध्याखाली. कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी पोचत नाही. या फरकामुळे तिथे विद्युतप्रवाह सुरू होतो आणि ऑक्सिजन कमी मिळणारा भाग झिजत जातो. केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात या थेंबावरून गंजाचे विद्युत-रसायन उलगडले. होडीच्या बाजूला पाणी जिथवर टेकते त्या रेषेलगत हाच खेळ रोज चालतो. शिवाय गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. एका ओरखड्यातून आत शिरलेला गंज रंगाला खालून उचलतो आणि पापुद्रे सुटतात.

आपल्याकडे त्यात उन्हाची भर पडते. पावसाळ्यानंतर तुडुंब भरलेला जलाशय उन्हाळ्यात आटत जातो, होड्या काठावर तापत पडतात आणि पारा चाळिशीच्या पुढे जातो. म्हणून समुद्रासाठी म्हणून विकला जाणारा महागडा रंग इथे आपोआप योग्य ठरत नाही.

लोखंडाच्या लहान सुट्या भागांसाठी, म्हणजे कड्या, साखळ्या, नांगर, ब्रॅकेट यांसाठी, गरम गॅल्व्हनायझिंगला तोड नाही. सुमारे ४५० अंश सेल्सियसला वितळलेल्या जस्तात भाग बुडवला की जस्त लोखंडाशी मिश्रधातू करून बसते. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते, लोखंड वाचते. त्यावर रंग हवा असेल तर साधा ऑइल पेंट थेट लावू नका. त्यातल्या तेलाशी जस्ताची क्रिया होऊन साबणासारखा थर बनतो आणि रंग सोलून निघतो. आधी जस्तावर चालणारा प्रायमर लागतो.

मोठ्या पत्र्याला मात्र रंगाचे थरच द्यावे लागतात: खाली जस्तयुक्त प्रायमर, मध्ये इपॉक्सी, वर पॉलियुरेथेन. इपॉक्सी पाणी उत्तम अडवते, पण उन्हात तिच्यावर खडूसारखी भुकटी येते. ऊन सोसायचे काम वरच्या पॉलियुरेथेनचे. छटेचा विचार या टप्प्यावर करावा. टिटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा आणि गेरूसारखा आयर्न ऑक्साइडचा तांबूस हे उन्हात सहसा विटत नाहीत. भडक लाल-पिवळ्या सेंद्रिय रंगद्रव्यांपैकी बरीच लवकर फिकी पडतात. फिकट छटेचा पत्रा कमी तापतो, हा आणखी एक फायदा.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. त्याचा ऑक्साइड धातूच्या साधारण सव्वापट जागा घेतो आणि घट्ट चिकटून राहतो. म्हणजे हा धातू स्वतःचे कवच स्वतःच तयार करतो. ॲनोडायझिंगमध्ये हेच कवच आम्लाच्या टाकीत वीज सोडून जाड केले जाते. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये ही पद्धत पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या भागांसाठी वापरात आली. या थरात मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपास रुंदीची छिद्रे असतात. त्यांत रंग भरायचा आणि उकळत्या पाण्याने तोंडे बंद करायची, की रंग थराच्या आत अडकतो. तो सोलला जात नाही. बाहेर राहणाऱ्या भागाला २५ मायक्रॉनचा थर मागा. शोभेच्या कामाचा पाच-दहा मायक्रॉनचा थर पुरत नाही. कथिलाच्या क्षारांनी आणलेला काळा किंवा ब्राँझ रंग उन्हात साध्या डायपेक्षा जास्त टिकतो. मात्र असा भाग राखेने किंवा सोड्याने घासू नये, अल्कली हा थर खाते.

पावडर कोटिंग दिसायला देखणे आणि धक्क्याला चिवट असते. भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांना पावडर वितळून एकसंध थर होतो. पण धारदार कडांवर हा थर पातळ पडतो, म्हणून कडा आधी कानसीने गोल करून घ्याव्यात.

दोन चुका टाळायलाच हव्यात. ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटला स्टेनलेसचे बोल्ट थेट आवळले तर ओल्या जागी ॲल्युमिनियम झिजते. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. आणि तांबेयुक्त अँटिफाउलिंग रंग ॲल्युमिनियमच्या होडीला कधीही लावू नका. ते रंग समुद्रातले शिंपल्यांसारखे जीव होडीला चिकटू नयेत म्हणून असतात, गोड्या पाण्यात त्यांची फारशी गरजही नसते. असल्याच रंगांत पूर्वी वापरले जाणारे ट्रायब्युटिलटिन समुद्री गोगलगायींचे प्रजनन बिघडवते म्हणून २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने जहाजांवर बंद झाले. येलदरीचे पाणी परभणीकर पितात, हे लक्षात ठेवून जुना शेंदरी शिशाचा प्रायमरही दूर ठेवावा आणि खरवडलेले पापुद्रे पाण्यात झाडू नयेत.

रंग कोणताही घ्या, तो टिकतो तयारीवर. कल्हईवाला नवसागराने भांडे स्वच्छ केल्याशिवाय कथिल फिरवत नाही, तेच इथेही लागू. धुतलेल्या पत्र्यावर पाणी शिंपडून पाहा. ते अखंड पसरले तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन गोळा झाले तर तेलाचा अंश उरला आहे. जुना गंज वायर ब्रशने वरवर काढण्यापेक्षा सँडब्लास्टिंग केव्हाही चांगले. धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त हवे. म्हणून हिवाळ्यात ऊन चढल्यावर काम सुरू करावे आणि दव पडण्याआधी, रंग सुकायला वेळ ठेवून आटोपावे.

बजेट बेताचे असेल तर वरचा हात स्वस्तातला चालेल, पण स्वच्छता आणि प्रायमर यांत काटकसर नको. पुढच्या वेळी दुकानात गेलात तर दुकानदाराला छटेआधी एवढेच विचारा: माझ्या धातूवर याखाली कोणता प्रायमर चालतो?