रानजायफळाचे पाणी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात, हेवाळे-बांबर्डे येथे, ग्रामस्थांनी देवाच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या राईत मिरिस्टिका या रानजायफळाच्या वृक्षांची जी दलदल आहे, तिचे क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर असले, तरी उष्ण कटिबंधातील सदाहरित अरण्य पाण्यावर किती सर्वस्वी अवलंबून असते, हे समजून घ्यावयास तिच्याइतके बोलके स्थळ महाराष्ट्रात विरळाच.

चिखलात मुळांना प्राणवायू मिळत नाही. म्हणून या वृक्षांची मुळे जमिनीबाहेर येतात, गुडघा दुमडावा तशी वाकतात आणि पुन्हा चिखलात शिरतात, व वर राहिलेल्या त्या बाकातील सूक्ष्म छिद्रांवाटे वृक्ष श्वास घेतो. फळ उकलले की तांबड्या जायपत्रीने वेढलेले टपोरे बी दिसते. धनेश ते सबंध गिळतो, जायपत्री पचवितो आणि बी अन्यत्र ओकून टाकतो. परंतु हे बी वाळले की त्याची रुजण्याची शक्तीच नाहीशी होते. त्यामुळे एका वर्षी ओल हुकली, तर पुढील वर्षासाठी मातीत शिल्लक असे काही उरत नाही.

त्रावणकोरातील अशा दलदलींचे वर्णन कृष्णमूर्ती या अभ्यासकांनी १९६० मध्ये केले. केरळातील कित्येक दलदलींची पुढे भातखाचरे व सुपारीच्या बागा झाल्या, कारण सपाट, बारमाही ओली जमीन शेतकऱ्यालाही हवीच असते, आणि त्याला दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. बांबर्ड्याची राई देवाच्या धाकाने कुऱ्हाडीपासून वाचली. परंतु हवामानाला हा धाक नाही. मध्य भारतात विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखविले. सह्याद्रीवरही पाऊस असा थोडक्या दिवसांत कोसळून वाहून जाऊ लागला, तर वर्षाची सरासरी तीच राहूनही चैत्र-वैशाखात दलदलीला पाणी पुरविणारा झरा आटेल.

शासनाने या राईस जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला, हे उत्तमच झाले. मात्र दप्तरी हद्द वृक्षांभोवती आखली जाते आणि पाणी येते ते त्या हद्दीबाहेरच्या उतारावरून. या तालुक्यात तर डोंगरउतारांवर रबर आणि अननस यांची लागवड पसरत आहे. तेव्हा झऱ्याच्या पाणलोटातील वृक्षतोड, चर, विंधनविहिरी आणि रस्ते यांचा निर्णयही ग्रामसभेने राईचा विचार करूनच घ्यावयास हवा, आणि उतारावरच्या ज्या खातेदाराने आपले रान राखले, त्याला त्याचा मोबदला सरकारी तिजोरीतून मिळावयास हवा.