लघुपटाची बाराखडी : भाग ६
हा शर्ट घेतला कुणी?

मागच्या आठवड्यात आपण लोकेशन ठरवलं. आता तिथे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अंगावर काय घालायचं ते बघू. गरीब म्हणजे फाटका बनियन, प्राध्यापक म्हणजे झब्बा आणि शबनम, श्रीमंत म्हणजे ब्लेझर, हा विद्यार्थ्यांचा ठरलेला हिशेब. त्यातून पात्र उभं राहत नाही, गॅदरिंगमधली फॅन्सी ड्रेस स्पर्धा उभी राहते. त्यापेक्षा प्रत्येक कपड्याला विचारा: हा घेतला कुणी, कधी आणि कुणाच्या पैशाने?

समजा, गोष्ट नगरच्या सावेडीतल्या एका घरातली आहे. वडील नागापूर एमआयडीसीतून निवृत्त झालेले. घरात त्यांच्या अंगावर कंपनीचा जुना शर्ट द्या. खिशावरचं नाव उसवलेलं, पण तेवढी पट्टी अजून मूळ रंगाची. नोकरी संपली, शर्ट संपला नाही. संवादाची गरजच उरत नाही. बाहेर जाताना ते आहेरात आलेल्या शर्टपीसचा शर्ट घालतील. रंग त्यांनी निवडलेला नाही, शिलाई मात्र नेहमीच्या टेलरची. मुलगी पाइपलाइन रोडवरून स्कूटीवर येते, सनकोट आणि स्कार्फमध्ये गुंडाळलेली. तिचा चेहरा प्रेक्षकाला पहिल्यांदा कधी दाखवायचा, हे त्या स्कार्फच्या गाठीवर ठरवता येतं.

नगरच्या विद्यार्थ्यांना उदाहरण शोधायला लांब जायला नको. नागराज मंजुळे इथल्याच न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यास शिकले. त्या काळात केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत गौरव मिळाला. पण कपड्यांसाठी त्यांचा ‘फँड्री’ (२०१३) पुन्हा बघा. त्यातल्या जब्याला जीन्स हवी आहे, तिच्यासाठी तो आइसकांड्या विकून पैसे जमवतो. त्याच्या अंगावर जे आहे त्याच्याइतकंच, जे नाही तेही त्याची ओळख सांगतं. वेशभूषेच्या यादीत अशा न मिळालेल्या कपड्यालाही जागा ठेवा. उलट्या दिशेचं उदाहरण ‘गांधी’चं (१९८२): बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंत माणूस एकेक कपडा सोडत जातो. त्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं.

खर्चाचं म्हणाल तर कापड बाजारात जाण्याआधी नातेवाइकांची कपाटं उघडा. नवा शर्ट घ्यावाच लागला तर धुण्याच्या सोड्यात तीन-चारदा धुवा, कॉलरच्या घडीवर आणि कफच्या कडेवर बारीक पॉलिश पेपर फिरवा. कापड तिथेच झिजतं. छातीवर मधोमध माती फासलेला शेतकरी मी इतक्या लघुपटांत पाहिलाय, की आता त्याला ओळख दाखवावीशी वाटते! पांढराशुभ्र कपडा उन्हात कॅमेऱ्यात चटकन भडक येतो. चहाच्या पाण्यातून काढला की निवळतो. बारीक रेघांचा शर्ट टाळा, पडद्यावर रेघा लुकलुकतात. पडणं, भिजणं, रक्त असं काही असेल तर तोच कपडा जोडीने घ्या.

प्रत्येक सीननंतर मोबाइलवर फोटो काढा: किती बटणं लावली, बाही कुठवर दुमडली, ओढणी कोणत्या खांद्यावर. आणि आईच्या भूमिकेसाठी खळ घातलेली कडक सुती साडी आणली असेल तर ती आधी कॉलर माइक लावून नेसवून बघा. ती खसखसते. त्या आवाजाचं काय करायचं, ते पुढच्या भागात.